खताला खिडकी

मासळीच्या खताचा वास साबणाने जात नाही. हे मी ऐकीव सांगत नाही, त्यावर पद्धतशीर प्रयोग केलेले आहेत. लाल साबण, रिठे, चिंचेचा कोळ, चुलीतली राख, आणि एकदा काकीच्या डब्यातून चोरलेली पावडर. साबणाने तो वास नुसता ओला होतो. पावडरीने गोड होतो, आणि गोड झाल्यावर मूळच्यापेक्षा वाईट लागतो. नाकात तो थोडाच वेळ राहतो. मग आत सरकून जिभेच्या मुळाशी बसतो, आणि चहाला तोच वास, पेजेला तोच, देवळातल्या तीर्थालाही तोच. आज इतक्या वर्षांनी कुडाळच्या माझ्या स्वयंपाकघरात खिडकी उघडी, पंखा चालू, ओटा स्वच्छ पुसलेला असतानाही कधीतरी तो वास येतो. मी उठते, कचऱ्याचा डबा बघते, मोरी बघते, फ्रीज बघते. कुठेच काही नसतं.

मिठबावच्या अलीकडे आमची वाडी. तिथे माडांच्या मुळात हे खत घालायची जुनी पद्धत. रापणीच्या जाळ्यात आलेली, विकण्याजोगी नसलेली मासळी वाळूवर पसरायची, अर्धीमुर्धी सुकली की गोणीत भरायची आणि पावसाच्या तोंडावर माडाच्या आळ्यात पुरायची. माडाला ते मानवतं यात शंका नाही. पण किनाऱ्यावरून गोणी येत हिवाळ्यात आणि आळ्यात जात पाऊस जवळ आल्यावर. मधले सगळे महिने त्या आमच्या घराच्या पडवीत असत. पडवीच्या एका टोकाला गोणी आणि दुसऱ्या टोकाला आई आणि मी. घरात एकच खोली होती, ती थोरल्या काकांची आणि काकीची. माजघरात देव आणि काकांचा मुलगा. माझे बाबा पणजीला एका हॉटेलाच्या भटारखान्यात कामाला होते, महिन्याकाठी घरी येत, आणि जिचा नवरा घरात नाही त्या बाईला पडवी पुरे, असा हिशेब कुणीतरी कधीतरी केलेला होता. गोणीच्या तळातून तपकिरी पाणी सुटे. सारवलेल्या जमिनीवर त्याची वाट होई, आणि उतार असा होता की ती वाट बरोबर आमच्या चटयांकडे येई. पाण्यामागोमाग अळ्या. पांढऱ्या, जाड, एकामागे एक ओळीने चालणाऱ्या. मला शिस्त आवडते, पण तेवढी एकच शिस्त मी कधी सहन करू शकले नाही. सकाळी उठल्यावर माझं पहिलं काम चटई झटकणं, दुसरं दप्तर झटकणं, तिसरं वेणी घालण्याआधी केस झटकणं.

काका गावात मानाचे. देवळात गाऱ्हाणं घालायला उभे राहिले की त्यांचा आवाज तळीपर्यंत पोचे. मी त्यांना बघायची ती मात्र जेवताना. ते माशाचे काटे चोखून ताटाबाहेर जमिनीवर टाकत. जेवण झालं की उष्ट्या बोटाच्या नखाने दाढ कोरत, निघालं ते उजेडाकडे धरून नीट निरखत आणि पुन्हा तोंडात टाकत. मी रोज ठरवायची, आज बघायचं नाही. रोज बघायची. मग आई ते काटे हाताने गोळा करी आणि तिथे शेणाचं बोट फिरवी. आई काकांशी बोलत नसे. भांडण नव्हतं, रीत होती: धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही. काका हाताच्या अंतरावर बसलेले असत आणि आई खांबाकडे बघून म्हणे, "सुमा, काकांका सांग, जेवाण वाढलां." काका दुसऱ्या खांबाकडे बघून म्हणत, "आवशीक सांग, इलंय." मी त्या घराचं पोस्ट ऑफिस होते.

शाळेत माझ्या बाकावर कोणी बसेना. पोरी उघड काही बोलत नसत. कुणाला फळा दिसत नसे, कुणाला मैत्रिणीची वही हवी असे. एक दिवस बाईंनी मला उचलून खिडकीजवळच्या बाकावर एकटीला बसवलं. "तुला इथे उजेड चांगला मिळेल," असं त्या फार प्रेमाने म्हणाल्या. मला उजेड भरपूर मिळाला. त्या संध्याकाळी मी जेवायला बसले ती ठरवूनच.

"काका, त्यो गोणी भायर ठेवल्यो तर?"

"भायर खंय? तुझ्या डोक्यार?"

"परड्यात मांगर घालून."

काकांचा घास हातात राहिला. मग ते इतके हसले की भाताची शितं माझ्या ताटात आली. मी ताट बाजूला सारलं.

"आयकलंस काय गो?" ते काकीला म्हणाले. "चेडू मांगर घालता! घाल घाल. वास तुका येता, मांगर तू घाल. परड्यात जागा आसा, हातापायांक काय रोग नाय. माझी ना नाय."

"खराच ना नाय?"

"नाय म्हटलंय मा!"

मी उष्ट्या हाताने बाहेर धावले. घरालगतचं आमचं परडं आणि इनासबाबांची बाग यांच्यामध्ये दगडांचा गडगा होता, आणि इनासबाब दिवसातला बराच वेळ त्या गडग्यावर बसून विडी ओढत. "काका, परत सांगा!" मी तिथून ओरडले. "इनासबाबांका आयकाक होया."

"आयकलंय गो बाय," इनासबाब म्हणाले. "माका सगळा आयकाक येता. फक्त पाद्रीचा येणा नाय."

मांगर म्हणजे बागेतली खोप. अवजारं, गवत, शेणी, नारळाची सोडणं ठेवायची जागा. त्यात माणूस राहत नाही आणि त्यात चूल पेटत नाही. आमच्याकडे घर कशाला म्हणायचं हे भिंती आणि कौलं बघून ठरत नसे, चूल बघून ठरे. जिथे अन्न शिजतं ते घर. एका कुटुंबाच्या दोन चुली झाल्या की वाटणी झाली, मग कागद कुणी करो न करो. हे कुणी कुणाला शिकवत नसे. पाण्यात पडलं की भिजतो, तसं ते माहीत असे.

गेल्या महिन्यात माझ्या घरामागे बागेच्या सामानासाठी शेड उभी केली. खोक्यांतून आली. पत्र्यांना भोकं पाडलेली, प्रत्येक पुडीवर नंबर, कुठला बोल्ट कुठे याचं चित्र. मी आणि सून पूर्वा, दोघींनीच उभी केली. एक नट कमी निघाला, मी दुकानदाराला फोन केला, त्याने आणून दिला. इतकं सोपं काम करताना माझ्या तोंडाची चव का गेली, हे पूर्वाला कळेना. मी तिला सांगितलं नाही, इथे लिहिते.

आमच्या मांगराचं सामान आम्हाला गोळा करावं लागलं, आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या घाणीतून काढावी लागली. वाऱ्याने पडलेला एक माड शेताच्या कडेला होता. इनासबाबांची करवत आणून आई आणि मी त्याचे खांब कापले, तर पोकळ झालेल्या टोकातून भुंग्यांच्या गलेलठ्ठ अळ्या माझ्या पायांवर पडल्या. खांबासाठी खड्डा खणताना पहारीला काहीतरी मऊ लागलं. ते मांजर होतं, गेल्या पावसात कुणीतरी पुरलेलं, पुरतं मातीला न मिळालेलं. मी माडाच्या बुंध्याला धरून ओकले. आईने फावड्याने ते उचललं, लांब नेऊन पुरलं, परत आली आणि म्हणाली, "खण. अजून वीतभर होया."

छपरासाठी चुडतं, म्हणजे माडाच्या झावळ्या. त्या विणण्याआधी पाण्यात कुजवाव्या लागतात, तरच पाती वाकतात आणि टिकतात. आम्ही त्या ओढ्याच्या कोंडीत दगडांखाली दाबून ठेवल्या. बाहेर काढल्या तेव्हा पाणी काळं झालं होतं, वर शेवाळाची साय धरली होती, आणि वास असा की खताच्या गोणी बऱ्या. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून विचार करत होते की एक वास घालवायला आपण दुसरा वास शिजवतो आहोत, आणि पोटरीला जळू चिकटली. मग भिंतींसाठी लाल माती तुडवणं. मातीत शेण, शेणात किडे, आणि हे सगळं बोटांच्या फटींतून वर येणारं. आजकाल बायका पैसे देऊन अंगाला चिखल लावून घेतात असं पूर्वा सांगते. मी तिला म्हटलं, मी कोवळ्या वयात तो कोटा पुरा केला आहे.

आई या सगळ्यात वेगळीच होती. घरात ती भिंतीला चिकटून चालायची, परड्यात तिची पावलं मोठी पडायची. पाती विणताना तिची बोटं दिसत नसत. सुंभाची गाठ ती दातांनी आवळायची. मला वाटलं होतं मी तिला कामाला लावलं आहे. दोनच दिवसांत ती मला कामाला लावत होती. चार बाजूंना कमरेएवढ्या भिंती, पडक्या विहिरीवरच्या फुटक्या चिऱ्यांच्या. त्यावर बांबूच्या कामट्यांचा कुड, वर मातीचा गिलावा. पोफळीच्या चिरलेल्या खोडांचे वासे. काका पडवीच्या पायरीवर बसून दाढ कोरत बघत. "हत्तीचो गोठो काय गो ह्यो?" असं रोज विचारत आणि रोज स्वतःच हसत. इनासबाब गडग्यावरून सल्ले देत. खांब तिरके पुर, वारो लागणा नाय. मातीत मीठ घाल, मुंग्यो येणत नाय. आई मान हलवून हो म्हणे आणि त्यांचा एकही सल्ला ऐकत नसे.

कुड विणताना रस्त्याच्या बाजूला आई थांबली. तिने कामट्या कापून एक चौकोन मोकळा सोडला आणि त्याला पोफळीची चौकट बसवू लागली.

"ह्या काय?" मी विचारलं. माझ्या आराखड्यात ते नव्हतं.

"जनेल."

"गोणींका?"

"आसांदे."

गडग्यावरून इनासबाबांनी विडी बाजूला केली. "खताक जनेल कित्याक गो? खत काय रस्त्यान कोण जाता तां बघतला?"

आई हसली. तिचा पुढचा एक दात किंचित आडवा होता, हे मला तेव्हा नव्याने दिसलं. मग ती पुन्हा चौकट ठोकू लागली.

छप्पर चढलं. जमीन चोपून झाली, सारवून झाली. मी दाराशी उभी राहून मनातल्या मनात कामांची उजळणी केली. राहिलं होतं ते एकच: जमीन वाळली की गोणी आणायच्या. तेवढ्यात इनासबाब म्हणाले, "जमीन ओली रवली तर वाळवी धरतली. आत जरासो जाळ घाल."

आईने मान हलवली. मला वाटलं, झालं, हाही सल्ला गेला. पण ती विहिरीकडे गेली, तीन धोंडे घेऊन आली, ते खिडकीखाली मांडले आणि काटक्या पेटवल्या. धूर वर गेला, खिडकीशी जरा घुटमळला आणि बाहेर पडला. ओल्या जमिनीतून वाफ निघू लागली. शेणाचा, मातीचा, ओल्या झावळ्यांचा वास होता, पण तो सगळा बिनविषारी वास होता. मी बऱ्याच दिवसांनी छाती भरून श्वास घेतला.

"लाकडां पेटलीच आसत," आई म्हणाली. "फुकट कित्याक घालवची?" आणि ती घरातून उकड्या तांदळाची मूठ आणि तिच्या माहेरचं लहान पातेलं घेऊन आली.

आम्ही तिथे पेज जेवलो. खारातली कैरी आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. माशाचा वास मला आवडतो, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते, गैरसमज नको. बांगड्याची कातडी करपली होती, पेजेला तांदळाची गोड साय होती, आणि त्या घासाला प्रथमच फक्त त्या घासाचा वास होता. मी दोन वेळा वाढून घेतली. आई खिडकीखाली बसून एकटक जाळाकडे बघत होती.

काकी कोयता शोधत आली ती दारात थांबली.

"काय गो धाकटे, ह्या काय?"

"पेज."

"हंय, मांगरात?"

"जाळ होतोच."

काकीने पदर तोंडाशी नेला. कोयता न घेताच ती परत गेली, आणि तिच्या चालीवरून मला कळलं की काहीतरी झालंय. काय झालंय ते दिवेलागणीला कळलं. माजघरात दोन ताटं कमी मांडली होती. काकीने आमच्याकडे न बघता सांगितलं, "तुमची ताटां तुमच्या घरात."

काका पाटावर बसले होते. ते खांबाकडे वळले आणि देवळातल्या आवाजात बोलू लागले. "सुमा, आवशीक सांग. मांगरात चूल पेटली, पेज शिजली. तो आता मांगर नाय रवलो, घर झाला. भाऊ गोव्यात, आणि हिणा माका न इचारता घर वेगळा केल्यान. आवशीक इचार, ह्या बरा दिसता?"

आई खांबामागे उभी होती. सगळं तिला ऐकू येत होतं. मी काहीच पोचवलं नाही.

"सांग तिका, सकाळी धोंडे काढून टाक. देवासमोर नारळ ठेव आणि भावकीसमोर 'चुकलंय' म्हण. मगे गोणी मी मांगरात हलवतंय आणि पडवी तुमका मोकळी. नायतर दिवाळीच्या पणत्या पण थंयच लावा."

मी मनातल्या मनात पडताळा घेतला. गोणी बाहेर: होय. पडवी मोकळी: होय. अळ्या नाहीत, पाणी नाही, बाकावर शेजारीण. मला हवं ते सगळं एका वाक्याच्या बदल्यात मिळत होतं, आणि ते वाक्य मला म्हणायचं नव्हतं, आईला म्हणायचं होतं. स्वस्तात पडतंय असं मला वाटलं. त्याच वेळी काकांनी बोट तोंडात घातलं, दाढेतलं काढलं, समईच्या उजेडात धरून बघितलं आणि पुन्हा आत टाकलं. बोलता बोलता. भावकीसमोर, नारळाच्या मागे, आई मान खाली घालून उभी आणि समोर हे बोट, असं चित्र माझ्यापुढे उभं राहिलं. खताची किळस धुऊन, पुसून, झटकून काही अंशी जाते. या किळसेला काय लावायचं ते माझ्या यादीत नव्हतं.

आईने पडवीत चटया अंथरल्या, गोणींकडून येणारी ओल फडक्याने अडवली, आणि आम्ही उपाशीच पडलो.

सकाळी मी उठले तेव्हा तिची चटई गुंडाळलेली होती. मांगराच्या खिडकीतून धूर येत होता. काकांनाही तो दिसला असणार, पण त्यांनी त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला असावा. बाई शेवटची आग विझवायला गेली असेल. ते उघड्या अंगाने पडवीत आले आणि त्यांनी एक गोण स्वतःच्या पाठीवर घेतली. त्या खताच्या बाबतीत काकांना स्वतः काही उचलताना मी तेव्हाच प्रथम पाहिलं. गोण तळाला कुजली होती, हे मला माहीत होतं, आईला माहीत होतं, अळ्यांना माहीत होतं. त्यांना माहीत नव्हतं, कारण ते कधी त्या टोकाला आलेच नव्हते. मांगराच्या उंबऱ्याशी ते वाकले आणि तळ सुटला. आधी पाणी, मग लगदा, मग अख्खी डोकी, मग अळ्या. मानेवरून, पाठीवरून, धोतराच्या निऱ्यांतून. काकी पायरीवरून किंचाळली. काका "ऊं, ऊं" असा आवाज करत हात अंगापासून लांब धरून उभे राहिले. स्वतःला हात लावायची त्यांना किळस येत होती.

आई फावडं घेऊन बाहेर आली. पदर डोक्यावर होता, पण मान वर होती. तिने खांब शोधला नाही. तिने मलाही शोधलं नाही. ती काकांच्या तोंडाकडे बघून बोलली, आणि तिचा आवाज इतका साधा होता की रोजच बोलत असावी.

"भाऊ, खत माडाक घालतत. घरात ठेवणत नाय."

"घर?" काका ओरडले. "ह्या घर खंय?"

"कालच तुमीच म्हटल्यात."

काकांचं तोंड उघडं राहिलं, मग एक माशी आली म्हणून त्यांनी ते मिटलं. भावकीत वाटण्यांचे निवाडे करणारा माणूस, स्वतःचा शब्द कसा परत घेणार? आणि शब्द ऐकलेला माणूस गडग्यावर होताच. "खरा आसा!" इनासबाब हसता हसता खोकू लागले. "काल हंयसर माकाव आयकाक इला! आवाज केदो तो!"

आईने त्यांच्याकडेही बघितलं नाही. तिने उंबऱ्यावरचं खत फावड्याने ओढलं, जवळच्या माडाच्या आळ्यात घातलं, वर माती लोटली. पाणी आणून उंबरा धुतला. मग आत गेली, कारण पेज उतू जात होती.

बाबा महिनाअखेरीला आले, हातात पावांची पिशवी. काकांनी त्यांना आधी पडवीत बसवून घेतलं, बराच वेळ. मी खिडकीतून बघत होते. बाबा मान हलवत होते, आणि आईसारखंच त्यांचं मान हलवणं कुठल्या बाजूचं ते कळत नव्हतं. मग ते उठले, परडं ओलांडून आले, आणि आत शिरताना चौकटीवर त्यांचं कपाळ दणकन आपटलं.

"दार बुटका झाला गो," ते कपाळ चोळत म्हणाले.

"खतासाठी बांधलेला," आई म्हणाली. "बसा. पेज वाढतंय."

ते बसले. जेवून झाल्यावर त्यांनी दाराची चौकट उचकटली आणि वर घेतली. भावाशी त्यांनी काय बोलणं केलं ते मला कधी कळलं नाही. पण पाव त्यांनी तिथे ठेवले नाहीत, आमच्याकडे आणले, एवढं माझ्या लक्षात आहे.

त्या मांगरात मी शाळा पुरी केली. पुढे झावळ्यांच्या जागी कौलं आली, कुडाच्या जागी चिरे. गोणी पडवीतच राहिल्या आणि माझ्या बाकावर हळूहळू पोरी बसू लागल्या. आता काकांच्या मुलाने ती पडवी पर्यटकांना भाड्याने द्यायला काढली आहे. मागे गेले होते तर तिथे बाज, कंदील, आणि आमच्या चटयांच्या जागी शहरातलं एक जोडपं. "इथे किती ओरिजिनल वास आहे ना," ती मुलगी म्हणाली. मी चहा न घेता निघाले.

खिडकीबद्दल मी आईला पुढे एकदाच विचारलं. ती म्हातारी झाली होती, कुळीथ निवडत बसली होती. "खताकव वारो होयो मा," ती म्हणाली आणि खडा काढून बाजूला ठेवला. आडवा दात तेवढा दिसला.

तर ही शेड. शेवटचा नट बसवला त्या दिवशी पूर्वा आत फिरून आली आणि म्हणाली, "आई, इथे एक शेगडी ठेवूया का? मासे तळायला. घरभर वास नको."

"शेड आहे ती," मी म्हटलं. "शेगडी ठेवलीस तर घर होईल. वेगळं घर मांडायचंय का तुला?"

वाक्य माझ्या तोंडातून निघालं तेव्हा त्यात काकांचा देवळातला आवाजही होता. माझ्या जिभेच्या मुळाशी तो वास आला, जुना, ओला, आणि या वेळी मला मोरी, फ्रीज, डबा काही तपासावं लागलं नाही.

"म्हणजे?" पूर्वाने विचारलं.

मी खिशातून टेप काढली. रस्त्याच्या बाजूच्या पत्र्यावर पेन्सिलने एक चौकोन आखला आणि त्याच्या खाली एक फुली मारली.

"इथे पत्रा कापून खिडकी करून घे," मी म्हटलं. "आणि शेगडी तिच्या खाली. धूर बाहेर जातो."